गेटवरचा डावा डीएनए

लातूर, १४ नोव्हेंबर २०२४

खाजा मामू,
अस्सलामु अलैकुम.

मोबाइल हॉस्टेलच्या कपाटात, कपाटाची चावी शिवगंगा मॅडमच्या कमरेला, आणि रविवारच्या फोनला मॅडम शेजारी खुर्ची टाकून बसतात. म्हणून पत्र. उत्तर उर्दूत देऊ नका. मॅडमना उर्दू येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते त्या अडवतात. (मॅडम, वाचत असाल तर नमस्कार.)

मुदखेडला गेलात की अम्मीला सांगा, मी जेवते.

बातमी अशी की दिवाळीच्या सुट्टीहून आले तर बोर्डावर माझं नाव स्पेशल बॅचमध्ये! मेडिकलच्या तयारीच्या तिसऱ्या वर्षी का होईना. जनरल बॅच म्हणजे तीनशे पोरं आणि मागच्या रांगेतून फळा चंद्राएवढा. स्पेशलमध्ये चाळीसच. डायरेक्टर श्रीशैल सर स्वतः येऊन हसून गेले. मला आनंद झाला, पण जरा उशिरा झाला. हल्ली सगळंच उशिरा होतं. डोकं रिपीटर झालंय.

दुसरी बातमी गमतीची. सुट्टीत क्लासच्या गेटवर दोन मजली उंच लोखंडी डीएनए उभा केलाय. पिळदार शिडीच. बाजूचे दोन दांडे म्हणजे साखर आणि फॉस्फेट, एकाआड एक. मधल्या पायऱ्या म्हणजे बेसच्या जोड्या. ए समोर टी, जी समोर सी, दुसरी जोडी चालत नाही. ए आणि जी दोन कड्यांचे, मोठे. टी आणि सी एका कडीचे, लहान. मोठ्यासमोर लहान बसतो म्हणून पायऱ्या सगळ्या एका मापाच्या. हे सगळं करणाऱ्यानं झकास केलंय. रंगसुद्धा बरोबर. आणि मग अख्खा पीळच उलटा दिलाय! खरा डीएनए उजवीकडं वळत वर चढतो, हा डावीकडं. कोणत्या गाढवानं बनवलाय कोण जाणे.

मी तासाला बोलले. बायोलॉजीचे विरूपाक्ष सर खिडकीतून बराच वेळ बघत राहिले, चष्मा पुसला, म्हणाले, "हाव, डावा हाय. परीक्षेत उजवा लिहा." आणि पुढचा धडा काढला.

तुमची भाची,
लुबना


नांदेड, २१ नोव्हेंबर

लुबना बेटा,
वालेकुम अस्सलाम.

ते गाढव मी हाय.

श्रीशैल सरांनी दसऱ्याच्या आधी फोन केला होता. दिवाळीत तुम्ही पोरी घरी आल्या तेव्हा मी टेम्पोत घालून लातूरला नेऊन उभा केला. तुला मुद्दामच सांगितलं न्हाई, म्हटलं गेटवर बघून खूश होशील. झालीस खूश.

आता ऐक. देगलूर नाक्यापासून तरोड्यापर्यंत अर्ध्या नांदेडच्या गच्चीवर मी लावलेल्या गोल जिन्यांनी लोक चढून राहिले. आजवर कुणी म्हटलं न्हाई की खाजाभाई, चढायला गेलो आणि खाली पोचलो. सरांनी मला फोटो पाठवला होता. क्लासमधल्या पोस्टरला खेटून उभे, एक हात लांब करून सवताच काढलेला. तो फोटो मी भिंतीला चिकटवला आणि पाइपामागं पाइप तसाच वळवला. फोटोत पीळ जिकडं, माझा पीळ तिकडं. एका पायरीचा लाल तुकडा मोठा अन् हिरवा लहान का, हे मी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "डिझाइन हाय ते." कडीबिडी तू आज सांगितलीस.

मला वाटतंय तुझीच काहीतरी गफलत झाली. समज न्हाई झाली, तरी हा विषय तिथं काढू नको. सरांनी मागितलं, मी बनवलं, बात खतम. तुला जागा मिळाली हाय, तिथं मान खाली घालून अभ्यास कर.

अम्मीला सांगितलं तू जेवतेस. ती म्हणाली, काय जेवते ते विचार.

तुझा मामू,
खाजा


लातूर, २९ नोव्हेंबर

मामू,
सलाम.

गाढव म्हटलं त्याची माफी. उलटा म्हटलं त्याची नाही.

तुमचा उजवा हात पुढं करा, अंगठा वर. बोटं ज्या बाजूनं मिटतात त्या बाजूनं फिरत दांडा वर चढला पाहिजे. समोरून बघितलं तर पुढचा दांडा खालून डावीकडून निघून वर उजवीकडं जातो. तुमचा बरोबर उलट जातो. यात गफलतीला जागा नाही. मी सलग तीन वर्षं हाच धडा शिकते आहे. दुसरं काही येत नसलं तरी हे येतं.

आता एक काम करा. सरांनी स्वतःच काढलेला फोटो म्हणालात ना? भिंतीवरच्या त्या फोटोत सरांच्या शर्टाचा खिसा कोणत्या बाजूला आहे बघा.

आणि विषय काढू नको असं का म्हणालात? तुमच्या नावावर येईल म्हणून? मामू, डीएनए सोडून बाकी सगळं तुम्ही मला खरं सांगता.

जेवणात सोमवारी वांगं, मंगळवारी तेच वांगं.

लुबना


नांदेड, ६ डिसेंबर

लुबना बेटा,

खिसा उजव्या बाजूला. घड्याळबी उजव्या मनगटावर. सरांना मी दहादा बघितलंय, घड्याळ डाव्या हातात असतं. मोबाइलनं आरशासारखा उलटा फोटो काढला आणि मी उलट्याचं उलटं इमानदारीनं लोखंडात उतरवलं. फोटो भिंतीवरून काढला. दुकानात एकटाच होतो म्हणून बरं.

सरांना फोन लावला. पाचव्यांदा उचलला. मी म्हटलं, "सर, आपला फोटो उलटा होता, म्हणून डीएनए उलटा झाला." सर म्हणाले, "खाजाभाई, उलटा झाला ना? मग उलटा करा!" म्हणजे उपटायचा आणि वरचं टोक खाली करून पुन्हा बसवायचा. पंधरा तारखेच्या रविवारी हायड्रा क्रेन सांगितलीय. बुडाचे बोल्ट मीच टाइट केले होते, मीच खोलणार.

डायरेक्टर माणूस, एवढा शिकलेला, बोलला म्हणजे विचार करूनच बोलला असंल.

तू काळजी करू नको. रविवारनंतर सगळं सीधं.

मामू


लातूर, १० डिसेंबर

मामू, घाईत लिहिते. क्रेन रद्द करा!

पीळ उलटा टांगून बदलत नाही. दुकानात एक बोल्ट घ्या, डोकं खाली करा. आटे बदलतात का? त्याच नटमध्ये तसाच जातो ना? मग डीएनए कसा बदलेल? त्यात डीएनएचे दोन दांडे एकमेकांना उलटे. एक डोकं वर करून चाललेला, दुसरा डोकं खाली करून. तुम्ही कसाही उभा करा, दिसणार तोच.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सर बोलले म्हणून तुम्ही तुमच्या हाताला गप्प बसवलंत.

हे पत्र रविवारच्या आत पोचायला हवं. मॅडम, वाचत असाल तर तुम्हाला हात जोडते, लवकर टाका.

लुबना


नांदेड, १९ डिसेंबर

लुबना बेटा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावर मॅडमनीच लिहून ठेवलंय, त्या भावाच्या लग्नाला औशाला गेल्या होत्या, पत्रं कपाटात आणि चावी लग्नात. रविवार होऊन गेला होता.

तू खिडकीतून बघत असशील, तरी माझ्या बाजूनं सांगतो. हायड्रावाल्यानं डीएनए उचलला, रस्ता बंद, ऑटोवाले हॉर्न मारून राहिले. एकजण ओरडला, "ओ मामा, कुतुबमिनार कुठं चालवला?" हवेत पलटी केला, खाली टेकवला, मी बोल्ट मारले. मागं सरकून बघितलं तर जसा होता तसा. डावा.

सर म्हणाले, "आतल्या बाजूनं बघू." आतून बघितला. डावा. सर म्हणाले, "गच्चीवरून बघू." गच्चीवरूनबी डावा. हायड्रावाला म्हणाला, "चाचा, अजून एकदा फिरवू का, भाडं चालूच हाय." तेवढ्यात सर ऑफिसच्या काचेच्या दारासमोर थांबले आणि खुशीत ओरडले, "बघा बघा, झाला उजवा!" काचेत दिसत होता, बेटा. काचेत अगदी पुस्तकासारखा. सर गंभीरपणे म्हणाले, "समोरच्या भिंतीला मोठा आरसा लावून घेऊ. पालक आत येताना आरशातच बघतील."

मी बोल्ट हातात घेतला तो तिथंच, सरांचं बोलणं ऐकत. आटे बघितले. तू लिहिलंस ते तुझं पत्र मिळायच्या आधी मला कळलं, पण क्रेननं पलटी मारल्यावर.

नवा करून देतो म्हटलं. उजवा, माझ्या लोखंडात, माझ्या मजुरीत. सर म्हणाले, "तसं कसं? बॅगा छापल्या, टी-शर्ट छापले, सगळ्यांवर याचाच फोटो हाय. आता उजवा आणला तर बॅगा खोट्या पडतील."

तू गप बस. एवढंच मागतो. कारण विचारू नको.

मामू


लातूर, १३ जानेवारी २०२५

खाजा मामू,

काल पालक मेळावा झाला. तुम्हाला बोलावलं नव्हतं, ते का ते आता कळलं.

उदगीरचे व्यंकटराव म्हणून आहेत, डाळ मिलवाले. त्यांची सृष्टी स्पेशल बॅचमध्ये माझ्या शेजारी बसते. त्यांनी हात वर केला. म्हणाले, "सर, पोरगी म्हणती गेटवरचा डीएनए चुकीचा हाय. गेटवरच चुकलं तर आत काय शिकवता?" पेंडॉल हसला.

सरांनी माइक विरूपाक्ष सरांकडं दिला. "सांगा सर, असा डावा डीएनए पण असतो ना?" विरूपाक्ष सर उठले. म्हणाले, "असतो. झेड प्रकार म्हणतात त्याला. पण त्याचा दांडा नागमोडी असतो. हा गुळगुळीत हाय." आणि बसले. एवढंच. मला वाटलं अख्ख्या लातुरात एक माणूस खरं बोलला, पण बसून घेतलं त्यानं.

मग श्रीशैल सरांनी माइक घेतला. म्हणाले, "नांदेडचा एक अडाणी वेल्डर होता, त्यानं घोळ घातला. गरीब माणूस, म्हणून आम्ही काही बोललो नाही. उलट त्याच्या भाचीला मार्क कमी असताना स्पेशल बॅचमध्ये घेतलं. डीएनएच्या बदल्यात." आणि माझ्याकडं हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या मामू. माझ्याकडं बघून.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, फोटो तुम्ही पाठवला. सेल्फी होता. खिसा उजव्या बाजूला आला होता. मामूनं जे दिलं तेच बनवलं, आणि फुकट दुसरा बनवून देतो म्हणाले, तर तुम्हीच बॅगा छापल्यात म्हणून नको म्हणालात." माइक नव्हता, पण ऐकू गेलं. कारण व्यंकटराव मोठ्यानं म्हणाले, "अरे देवा, पोरगी म्हणती ते आरसा लावायचं पण खरं का?"

संध्याकाळी बोर्डावरून माझं नाव पुसलं. जनरल बॅच.

ते जाऊ दे. तुम्ही मला का नाही सांगितलं? दोन महिने मी समजत होते मी कमावलं. अम्मीला फोनवर सांगितलं, रडले सुद्धा. तुम्ही मुदखेडला तिच्याजवळ बसून ऐकत होतात. तेव्हा पण गप्प.

डीएनए घेऊन जा म्हणाले सर. "भंगार उचला" असे शब्द आहेत.

लुबना


नांदेड, १८ जानेवारी

लुबना बेटा,

तुझं पत्र घेऊन दिवसभर दुकानाबाहेर बसलो. गिऱ्हाईक आलं, म्हटलं उद्या या.

सर म्हणाले होते, मुलीचे मार्क थोडे कमी हाईत, तुम्ही गेटचं काम करा, मी तिला बसवतो. तू मागच्या वर्षी रात्ररात्र जागून, डोळे सुजवून आली होतीस. मी लोखंडाशिवाय तुला काय देणार होतो? तुला सांगितलं असतं तर तू बसली नसतीस. म्हणून न्हाई सांगितलं. चूक केली का बरोबर ते मला ठरवता येत न्हाई, वेल्डिंगसारखं ते घासून दिसत न्हाई.

आता ऐक. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर टेम्पो घेऊन निघतो. संध्याकाळी पोचतो. मागं डीएनए, पुढं तू. पेटी बांधून ठेव. बस झालं लातूर. अम्मीशी मी बोलतो. नांदेडला माझ्या घरी बसून अभ्यास कर, न्हाईतर नको करू. झोप काढ. एक महिना नुसती झोप काढ. डॉक्टर न्हाई झालीस तर कुणी फाशी देत न्हाई.

शिवगंगा मॅडम, वाचत असाल तर पोरीला पेटी बांधायला मदत करा.

मामू


लातूर, २२ जानेवारी

मामू,
सलाम.

मॅडमनी वाचलं. पेटी काढूनही दिली. वर म्हणाल्या, "मामू चांगला हाय गं तुझा." मी पेटी बघत बसले आणि मग परत पलंगाखाली सारली.

मी येत नाही. रागावू नका, आधी वाचा.

जनरल बॅचमध्ये चौदाव्या रांगेत बसते. पंखा आहे, फिरत नाही. शेजारी परभणीची एक मुलगी आहे, ती झोपते आणि तिची वही मी भरते. विरूपाक्ष सर इथंही तेच येतात, तोच धडा, तोच खडू. परवा तासानंतर माझ्या बाकाजवळ थांबले, म्हणाले, "इथून फळा दिसतो का?" मी म्हटलं, थोडा. दुसऱ्या दिवसापासून अक्षरं मोठी काढतात. तीनशे पोरांना वाटतं सरांची नजर गेली.

मामू, मी थकले आहे. हे खोटं सांगत नाही. सकाळी उठल्यावर मला पहिल्यांदा थकवा आठवतो, मग माझं नाव. तुम्ही म्हणता तशी एक महिना झोपायला मी कुठल्याही दिवशी तयार आहे. पण आत्ता आले तर मी तुमच्या टेम्पोतून परत आले असं होईल. या चौदाव्या रांगेत मला कुणी बसवलेलं नाही. कोणी उठवू पण शकत नाही. मेमधल्या परीक्षेपर्यंत मला इथं बसू द्या. मग पास झाले तर झाले, नाही तर मी स्वतःच तिकीट काढून एसटीनं येईन.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. कमी झालाय. तुम्ही शुक्रवारी या आणि डीएनए तेवढा घेऊन जा. तास चालू असेल, भेटायला मिळालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

अम्मीला सगळं सांगा. पुसलेलं नाव पण सांगा.

लुबना


नांदेड, २६ जानेवारी

लुबना बेटा,

डीएनए आणला. दुकानामागं आडवा पडून राहिला हाय, मांजर त्यात झोपते.

येताना लोह्याला चहाला थांबलो. टपरीवर एक म्हातारा टेम्पोभोवती दोनदा फिरला. "हे काय हो पाव्हणं?" म्हटलं, "डीएनए." तो म्हणाला, "टीव्हीवर सांगत असतेत तो? कुणाचा?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकानं परत केला." तो म्हणाला, "आपलाच परत करत असतेत व्हय?" चहावाला इतका हसला की माझा चहा उतू गेला. तुला हसू यावं म्हणून लिहिलं.

कापायला मन होत न्हाई. पायऱ्या कापल्या की दोन दांडे सुटे होतील, ते सरळ करता येतील, पण पीळ दिलेला पाइप पुन्हा पहिल्यासारखा सरळ होत न्हाई, कुठंतरी थोडं वळण राहतंच. बघू. घाई काय हाय.

अम्मीला सगळं सांगितलं. पुसलेलं नावबी. ती आधी माझ्यावर ओरडली, मग तुझ्यावर, मग श्रीशैल सरांवर, मग जेवायला वाढलं.

आता राहिलेलं सांगतो. शुक्रवारी बोल्ट काढून झाले, डीएनए टेम्पोत बांधला. वॉचमन म्हणाला, वेळ हाय तर बसा. मी तुमच्या मोठ्या हॉलच्या खिडकीशी गेलो. रांगा मोजत मोजत तुला शोधलं. विरूपाक्ष सरांनी फळ्यावर तीच शिडी काढली होती, हत्तीएवढी. तुझ्या शेजारची पोरगी झोपली होती. तू मान खाली घालून वहीत काढत होतीस. आधी तुझी, मग तिची. पेन्सिल खालून डावीकडून निघून वर उजवीकडं गेली, ते मी खिडकीतून बघितलं.

डबा आणला होता, अम्मीनं खिचडा दिला होता. तो वॉचमनजवळ ठेवला. तुला हाक मारली न्हाई. मारली असती तर तू उठून आली असतीस.

तुझा मामू,
खाजा